बंबाचा धूर, बाळाची धुरी आणि चुलीवरची मिसळ: तुमचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

निफाडचा पारा खाली आला की आमच्याकडे पत्रांचा विषय ठरलेला असतो. सर्दी, खोकला, घरघर आणि त्याच्या मागेमागे धूर. या वेळी तर धुराचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो, घर जुनं आहे, एकत्र कुटुंब. मागच्या पडवीत तांब्याचा बंब आहे, तो दिवाळीपासून होळीपर्यंत रोज पहाटे साडेपाचला पेटतो आणि सगळ्यांच्या अंघोळी होईस्तोवर चालूच असतो, म्हणजे आठ साडेआठ वाजतात. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात त्यामुळे लाकडाचा खर्च नाही. माझा मुलगा ३ वर्षांचा आणि मुलगी ७ महिन्यांची आहे. मुलाला थंडीत सारखा खोकला, रात्री जास्त, मागच्या जानेवारीत दोनदा नेब्युलायझर लावावं लागलं. आमच्या खोलीची खिडकी बरोबर पडवीतच उघडते. मी म्हणते धुराने होतंय. सासरे म्हणतात आम्ही चार पिढ्या बंबाच्या पाण्याने अंघोळी केल्या, आम्हाला काय झालं, लाकडाचा धूर नैसर्गिक असतो, गाड्यांचा वाईट. नवरा म्हणतो दोघांचंही बरोबर आहे. खरं काय ते तुम्हीच सांगा.

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे, फक्त पूर्ण नाही. ते पूर्ण का नाही ते पुढे सांगते, आधी सासऱ्यांच्या मुद्द्याचं बघू.

नैसर्गिक म्हणाल तर तंबाखूही नैसर्गिकच आहे. लाकूड पूर्ण जळत नाही तेव्हा धूर होतो आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे वायू असतात आणि अतिशय बारीक कण असतात, ज्याला आपण बातम्यांमध्ये पीएम २.५ म्हणून ऐकतो, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. ते डिझेलमधून आले की द्राक्षाच्या काडीतून आले हे छातीला कळत नाही.

आता मुलांचं वेगळं काय, तर पहिली गोष्ट म्हणजे मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो आणि तुमची ७ महिन्यांची मुलगी शांत झोपलेली असतानासुद्धा ३०-४० घेते, म्हणजे वजनाच्या मानाने ती तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतेय आणि हवा तीच आहे, पडवीतून आलेली. दुसरं, लहान मुलाची श्वासनळी शहाळं प्यायच्या नळीसारखी बारीक असते, मोठ्या माणसाच्या नळीला आतून थोडी सूज आली तर त्याला नुसता खोकला येतो, पण तेवढीच सूज बाळाला आली तर दम लागतो. आणि तिसरं, फुफ्फुसातले वायुकोश जन्मानंतरही पुढची काही वर्षं तयार होत असतात, बांधकाम चालू असतानाच त्यावर रोज काजळी बसणं चांगलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज असा आहे की घरातल्या धुरामुळे म्हणजे लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल या सगळ्यामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात आणि त्यात ५ वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं असतात. हे आकडे प्रामुख्याने चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांचे आहेत, तुमच्या पडवीतल्या बंबाचे नाहीत, ते वाचून घाबरून जाऊ नका. पण धूर तोच आहे.

आणि ‘आम्हाला काय झालं’ याचं उत्तर सासऱ्यांना शांतपणे द्या. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वर्षातच जायची, २०२० साली हा आकडा २८ वर आला. सगळी धुराने जात होती असं अजिबात नाही, पण ‘आम्हाला काही झालं नाही’ हे सांगायला जे राहिले तेच सांगतात ना. आणि घरातल्या मोठ्या बायकांकडे एकदा बघा, आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तंबाखूला हात लावला नाही, तरी जिना चढताना दम लागतो आणि सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ येते, अशा बायका आपल्याकडे घराघरात आहेत. त्याला सीओपीडी म्हणतात आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये त्याचं मोठं कारण चूल हेच आहे.

आता पूर्ण का नाही ते. ३ वर्षांच्या मुलाला थंडीत घरघर लागते ती बहुतेक वेळा व्हायरसने, बालवाडीतून आणलेल्या सर्दीने. धूर ती सर्दी देत नाही, पण आधीच सुजलेल्या नळीला आणखी चिडवतो, खोकला लांबवतो, रात्री वाढवतो. त्यामुळे बंब बंद केला की जानेवारीत एकदाही खोकला होणार नाही असं वचन मी देणार नाही, तसं देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. संशोधनातसुद्धा हे एवढं सरळ निघालेलं नाही. ग्वाटेमालात काही घरांना धुराडं असलेली चूल दिली, तिथे न्यूमोनिया एकूणात किती कमी झाला हे ठामपणे सांगता येईना, पण गंभीर न्यूमोनिया मात्र साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला. नंतर भारतासह (आपल्याकडे तामिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या घरांवर मोठा अभ्यास झाला, निम्म्या घरांना गॅस शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले, तिथला धूर चांगलाच कमी झाला, तरी २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा पहिल्या वर्षातल्या गंभीर न्यूमोनियात दोन्हीकडे ठोस फरक निघाला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा काढू नका. मी याचा अर्थ असा घेते की न्यूमोनियाला लस, आईचं दूध, बाळाचं वजन, शेजारच्या घरातला धूर असं बरंच काही लागतं, एकट्या शेगडीने तो सुटत नाही. तेव्हा मुलीची न्यूमोकोकलची लस वेळेवर झालीय का ते कार्डावर बघा आणि दोघांनाही फ्लूची लस द्या, ती ६ महिन्यांनंतर देता येते.

तुमच्या घरात मला जास्त खटकलं ते बंबापेक्षा वेळ आणि खिडकी. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असते, त्यामुळे धूर वर जातच नाही. मखमलाबादला पहाटे निघालं तर मळ्यांवर धुराचा सपाट थर तरंगताना दिसतो, तो तुम्हीही बघितला असेल. म्हणजे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, त्यात तीन तास आणि खिडकीपलीकडे दोन मुलं झोपलेली. खिडकी लावून घेतली तरी जुन्या घरांच्या फटींतून पीएम २.५ आरामात आत येतो.

म्हणून उद्यापासून एकच करा, मुलांना घराच्या पुढच्या बाजूच्या खोलीत झोपवा. एकत्र कुटुंबात खोल्यांची अदलाबदल म्हणजे काय प्रकरण असतं ते मला माहितीये, पण थंडीपुरतं सासूबाईंना सांगून बघा, नातवंडांसाठी त्या ऐकतील. बंब पडवीतून उचलून परसात लांब, वाऱ्याची दिशा बघून ठेवता आला तर उत्तमच.

काड्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर छाटणीच्या काड्या दिवाळीत ओल्याच असतात आणि ओलं लाकूड म्हणजे दुप्पट धूर. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या पावसात भिजू न देता पत्र्याखाली रचून ठेवल्या तर त्या थंडीत कोरड्या मिळतात. बंबाच्या मधल्या नळीत वरून गच्च काड्या कोंबू नका, हवा खालच्या जाळीतून वर गेली पाहिजे, राख साठली की नळी घुसमटते आणि धूर काळा येतो. थोड्या काड्या, मोठी ज्योत, आणि पाणी एकदाच तापवून सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकायच्या. मोळीत बागेतली प्लॅस्टिकची दोरी असते ती आधी काढून टाका आणि पेटवायला दुधाच्या पिशव्या, जुनं प्लायवुड, रंगवलेल्या दाराचे तुकडे अजिबात नको, प्लायच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं आणि जुन्या रंगात शिसं.

खरं सांगायचं तर यातलं काहीच सोलरच्या तोडीचं नाही. नाशिकला थंडीत ऊन कडक असतं, दुपारी तापलेलं पाणी टाकीत सकाळपर्यंत गरम राहतं, आणि सोलरची पंचाईत होते ती पावसाळ्यात, जेव्हा तुमचा बंब नाहीतरी बंदच असतो. गॅस गीझर घेणार असाल तर तो बाथरूमच्या आत लावू नका, बंद बाथरूममध्ये गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत, आपल्याच राज्यात.

जाता जाता एक, जे तुम्ही विचारलं नाही. बंब पेटवायला रॉकेल किंवा डिझेल ठेवत असाल तर ते कशात ठेवता? कोल्ड्रिंकच्या बाटलीत असेल तर आज ओतून टाका. ३ वर्षांचं पोर ती बाटली तोंडाला लावतं, एक घोट श्वासनळीत गेला की फुफ्फुसाला सूज येते. असं कधी झालंच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, सरळ दवाखाना गाठा. धुराने होणारं नुकसान वर्षानुवर्षांचं असतं, हे आणि बंबाच्या उकळत्या पाण्याने भाजणं मात्र एका मिनिटाचं.

प्रश्न : मी पंचवटीत राहते, वय ६८. सुनेला मुलगा झाला, २० दिवसांचा आहे. आमच्यात बाळाला अंघोळीनंतर ओवा, लसणाची सालं, वेखंड यांची धुरी देतात आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, माझ्या दोन्ही मुलांना असंच केलं. सुनेने फोनवर कुठेतरी वाचलं आणि ती धुरी देऊ देत नाही. तिच्या आईचंही माझ्यासारखंच मत आहे. एवढ्याशा धुराने काय होणार? धुरीने सर्दी होत नाही असं आम्ही ऐकत आलोय.

उत्तर : आजी, आधी अभिनंदन. आणि रागावू नका, पण या बाबतीत मी सुनेच्या बाजूची आहे, पूर्णपणे.

धुरी आली कुठून ते बघा ना. मातीचं घर, दमट कोंदट बाळंतिणीची खोली, डास, पिसवा, पहाटेची थंडी, आणि ओलं बाळ कोरडं करायला निखाऱ्यांची ऊब. त्या वेळी घरात दुसरं काय होतं? तुमचा हेतू बाळाला ऊब मिळावी आणि सर्दी होऊ नये हाच आहे, तो मला मान्य आहे. पण २० दिवसांचं बाळ बहुतेक नाकानेच श्वास घेतं, धुराने नाकाचं अस्तर सुजलं की नाक चोंदतं, ते दूध ओढताना थांबतं, रडतं, आणि मग आपण म्हणतो बघा सर्दी झाली, उद्यापासून दोन वेळा धुरी देऊ. हे चक्र मी ओपीडीत सारखं बघते. धुरी बंद केल्यावर चार-सहा दिवसांत नाक मोकळं झालं असं सांगणाऱ्या आया येतात, आणि आज्या येत नाहीत.

शेगडीचा धोका तर धुरीपेक्षा मोठा आहे आणि तो दिसत नाही. निखारे लाल झाले, धूर थांबला की आपल्याला वाटतं आता काही भीती नाही. उलट निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बाळंतिणीच्या खोलीचं दार लावलेलं, खिडकीला चादर, फटीत बोळे, आणि खाली शेगडी. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बाजेखालची शेगडी म्हणजे तेच.

ऊब हवीच आहे, ती अशी द्या. अंघोळ झाली की लगेच मऊ सुती पंच्याने डोकं आधी कोरडं करा, टोपडं घाला, आणि बाळाला सुनेच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून दुपटं घ्या. आईच्या अंगाएवढी नेमकी ऊब कुठलीच शेगडी देत नाही, कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही असंच ठेवतात. बाळंतिणीला शेक घ्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. ओवा-वेखंड परंपरेसाठी हवंच असेल तर धुपाटणं देवघरात फिरवा, तेव्हा बाळ दुसऱ्या खोलीत आणि धूर गेल्यावर परत आणा. वेखंड उगाळून चाटवू मात्र नका, तो वेगळा विषय आहे, पण लिहूनच टाकते. आणि बाळाला मालिश करायला तुमच्याइतका सरावलेला हात घरात दुसऱ्या कोणाचा नाही, ते काम सुनेला देऊ नका, तुम्हीच करा.

प्रश्न : मुलगी ५ वर्षांची, बालदमा आहे, पंप चालू आहे. दर रविवारी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला चुलीवरची मिसळ खायला जातो, मित्रांची फॅमिली पण असते. बायको म्हणते मुलीला न्यायचं नाही. आठवड्यातून तासभर चुलीजवळ बसल्याने एवढं होतं का?

उत्तर : रोजचा तीन तासांचा धूर आणि रविवारचा तासाभराचा धूर एक नाही. निरोगी मुलाला मी नेऊ नका म्हटलं नसतं. पण दमा असलेल्या मुलीला तासभर कशाला, पंधरा मिनिटंही पुरतात, आणि त्याचा त्रास तिथे नाही, रात्री घरी आल्यावर सुरू होतो, म्हणून तुम्हाला त्याचा संबंध लागत नाही. न्यायचंच तर चुलीपासून लांब, वारा तुमच्याकडून चुलीकडे जातोय अशा टेबलावर बसा, धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप आणि त्याला जोडायची स्पेसर नळी खिशात पाहिजे, गाडीत नाही, आणि तिला सर्दी असेल त्या रविवारी सरळ घरी. चुलीवर रस्सा आणि आत गॅसवर तर्री असा प्रकारही बऱ्याच ठिकाणी असतो म्हणा. मिसळीची चव मसाल्यात असते, धुरात नसते हे माझं वैयक्तिक मत, आणि यावर आता मिसळवाल्यांची पत्रं येणार याची मला पूर्ण कल्पना आहे.

प्रश्न : सिडकोत आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन काका पहाटे शेकोटी करतात, पालापाचोळा, खोके, कधी प्लॅस्टिकच्या पिशव्यापण. शाळेच्या व्हॅनची मुलं तिथेच उभी असतात. तक्रार कुठे करायची?

उत्तर : कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच त्यासाठी ५ हजार रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार. आणि नाशिक केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांमध्ये आहे, त्यामुळे तक्रार महापालिकेकडे करा. पण तक्रारीआधी सोसायटीने एक विचारावं, रात्रभर गेटवर थंडीत बसणाऱ्या माणसाला आपण काय दिलंय? जाड जॅकेट, कानटोपी, आणि केबिनला चारही बाजूंनी काच लावली तर तो पिशव्या कशाला जाळेल. तोवर व्हॅनचा थांबा वीस पावलं पलीकडे न्या.

प्रश्न : मुलांसाठी एअर प्युरिफायर घ्यावा का? आणि धुराने साधा खोकला आणि घाबरण्यासारखा खोकला यातला फरक घरी कसा ओळखायचा?

उत्तर : प्युरिफायर बारीक कण पकडतो, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही, आणि खिडकीबाहेर बंब चालू असताना तो लावणं म्हणजे पैशांचा धूर. आधी धूर थांबवा, मग उरलं तर बघा. हाच न्याय डासांच्या कॉइललाही लावा, एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात हे २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे, आणि आपण ती बाळाच्या पाळण्याखाली लावतो. मच्छरदाणी घ्या.

खोकल्याचा आवाज ऐकत बसू नका, श्वास मोजा. मूल झोपलेलं किंवा शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका कारण लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त आले तर तो वेगवान श्वास आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल तर मोजत बसू नका, वाफ देऊ नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.